जर्मनीतील ग्रामीण जंक्शनवर गाडी कशी बदलावी

फ्रायबुर्गहून निघून ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ वनप्रदेशाचा घाट चढणारी गाडी टिटिझेला येते, तेव्हा तेथून लोहमार्गाला दोन वाटा फुटतात. १८८७ मध्ये नॉयश्टाटपर्यंत पोहोचलेला आणि १९०१ मध्ये वाढवलेला मूळ मार्ग डोनाउएशिंगेनकडे जातो, तर १९२६ चा फाटा ९६७ मीटर उंचीवरील फेल्डबेर्ग-बेरेनटाल स्थानकावरून झेब्रुगला जाऊन संपतो. टिटिझेला पर्यटकांची वर्दळ तरी असते. इतर अनेक ग्रामीण जंक्शनांवर तिकीट खिडकी नसते, विचारायला माणूस नसतो, बदलासाठी मोजकी मिनिटे मिळतात आणि एक गाडी चुकली की पुढची तासाभराने किंवा दोन तासांनी येते. म्हणूनच बदलाची सगळी तयारी पहिल्या गाडीत बसण्यापूर्वीच करून ठेवावी.

फलाटावर छापील तक्ते लावलेले असतात. पिवळ्या तक्त्यावर ‘आबफार्ट’, म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, आणि पांढरा तक्ता असलाच तर त्यावर ‘आनकुन्फ्ट’, म्हणजे येणाऱ्या गाड्या. आपल्याला पिवळा तक्ता हवा. त्यात वेळ, गाडीचा क्रमांक, वाटेतली स्थानके आणि ‘ग्लाइस’, म्हणजे फलाटाचा क्रमांक, अशी माहिती ओळीने दिलेली असते. परंतु वेळेजवळच्या बारीक खुणा वाचल्याशिवाय त्या ओळीवर विसंबू नये. एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन हातोडे ही कामाच्या दिवसाची, म्हणजे ‘वेर्कटाग’ची खूण आहे, आणि जर्मनीत शनिवारही वेर्कटागमध्ये मोडतो. रविवारी व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी ती गाडी धावत नाही. सुट्ट्या राज्यागणिक वेगळ्या असल्यामुळे दोन राज्यांच्या सीमेजवळ प्रवास करताना हे आधी तपासावे. वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या मध्यावर बदलते, तेव्हा तक्त्यावरची वैधतेची तारीखही पाहावी. छापील तक्त्यात ऐनवेळचा बदल दिसत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक फलक, उद्घोषणा किंवा मोबाइलवरील ॲप पाहावे.

काही जंक्शनांवर गाडीच दुभंगते: पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या गावाला जातात. नवख्या प्रवाशाची सर्वांत मोठी फसगत येथेच होते, कारण दोन्ही भाग दिसायला सारखेच असतात. ‘फोर्डरर त्सूगटाइल’ म्हणजे पुढचा भाग आणि ‘हिंटरर त्सूगटाइल’ म्हणजे मागचा, एवढे दोन शब्द पाठ करावेत, आणि चढताना डब्यावरील पाटीवर आपल्या गावाचे नाव आहे याची खात्री करावी. दोन भाग जोडलेले असले तरी अनेकदा आतून एकातून दुसऱ्यात जाता येत नाही, त्यामुळे चूक लक्षात आल्यावर फलाटावर उतरूनच दुसऱ्या भागात जावे लागते.

काही जुन्या स्थानकांत मधल्या फलाटावर जाण्यासाठी रूळ ओलांडण्याची ठरावीक जागा असते. ती सोडून कोठेही रुळांवर उतरू नये, समोरची गाडी सुटत असली तरीही. फाट्यावरील छोटी स्थानके कधी ‘बेडार्फ्सहाल्ट’ असतात. तेथे गाडी मागणी असेल तरच थांबते. आत बसला असाल तर थांबा मागण्याचे बटण वेळेवर दाबावे, आणि फलाटावर असाल तर चालकाला स्पष्ट दिसेल असे उभे राहावे.

तिकीट चढण्यापूर्वीच घ्यावे. विनातिकीट सापडल्यास साधारणपणे ६० युरो भरावे लागतात. २०२३ च्या मे महिन्यात सुरू झालेले ‘डॉइचलँड-टिकेट’, म्हणजे देशभराचे मासिक तिकीट, प्रादेशिक गाड्यांत चालते, आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत मात्र चालत नाही.

पहिली गाडी उशिरा धावत असेल तर डब्यातील कर्मचाऱ्याला लगेच सांगावे; कधीकधी त्याच्या निरोपावरून पुढची गाडी थोडी थांबवली जाते, पण तशी हमी नसते. रुळांचे काम चालू असल्यास ‘एसईव्ही’ अशी पाटी शोधावी. ती गाडीऐवजी सोडलेल्या बसची खूण असून बसचा थांबा अनेकदा स्थानकाबाहेर रस्त्यावर असतो. सलग एकाच तिकिटावर प्रवास करताना अंतिम स्थानकावर ६० मिनिटे उशीर झाल्यास भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटे झाल्यास ५० टक्के रक्कम मागता येते. उशिराचे कारण रेल्वेच्या आवाक्याबाहेरचे असेल तर मात्र हा हक्क मिळत नाही. दिवसाची शेवटचीच गाडी रद्द झाली आणि त्यामुळे मध्यरात्रीपूर्वी पोहोचणे अशक्य ठरले, तर आधी रेल्वेशी संपर्क साधण्याचा प्रयत्न करावा. तेथून पर्याय न मिळाल्यास टॅक्सीचा खर्च १२० युरोंपर्यंत परत मागता येतो. त्यासाठी पावती आणि मूळ तिकीट जपून ठेवावे.