पित्ताशयात खडे आणि सोबत आयबीएस, दोन्ही सांभाळायचं कसं

बरीच वर्षं मी डॉक्टरकडे जाऊन फक्त "पोट दुखतंय" एवढंच सांगायचो आणि गोळ्या घेऊन परत यायचो. मग एकदा सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि मला वाटलं चला सुटलो, एकदाचं कारण सापडलं. पण आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याचं काम वारंवार बिघडून पोट दुखण्याचा त्रास) तर त्याच्याही आधीपासून होता आणि तो काही खड्यांमुळे नव्हता. त्यामुळे ज्यांना दोन्ही आहे त्यांनी आधी कुठलं दुखणं कुणाचं ते ओळखायला शिकायचं, कारण औषध वेगळं, पथ्य वेगळं आणि घाबरायचं कधी तेही वेगळं.

पित्ताशयाची कळ उजव्या बरगडीखाली नाहीतर बेंबीच्या वर मधोमध येते, बऱ्याचदा तेलकट जेवणानंतर किंवा रात्री झोपेतून उठवून. ती चढत जाते आणि मग तशीच ठाण मांडून बसते, अर्ध्या तासापासून चार-पाच तासांपर्यंत, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे सरकते, आणि मेन म्हणजे संडासला जाऊन आलात, गॅस गेला, कूस बदलली तरी ढिम्म फरक पडत नाही. आयबीएसचं दुखणं शौचाशी बांधलेलं असतं, म्हणजे जाऊन आलं की कमी होतं (कधी कधी उलट वाढतं), मुरडा येतो-जातो, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ. आयबीएस ओळखायला 2016 साली आलेले रोम 4 नावाचे निकष डॉक्टर वापरतात, त्यात मागच्या 3 महिन्यांत आठवड्याला सरासरी किमान 1 दिवस दुखणं, त्याचा शौचाशी संबंध, आणि त्रासाची सुरुवात 6 महिने तरी आधीची असं धरलेलं आहे.

पोट फुगणं, ढेकर, मळमळ यावरून मात्र काहीच ठरवू नका, ते दोन्हीकडे असतं. आणखी एक घोळ म्हणजे मोठ्या आतड्याचं एक वळण नेमकं यकृताखाली उजवीकडेच आहे, तिथे गॅस अडकला की हुबेहूब पित्ताशयाचंच दुखतंय असं वाटतं, मी यात बऱ्याच वेळा फसलोय.

म्हणून तीन-चार आठवडे लिहून ठेवा. दुखणं किती वाजता सुरू झालं, बोटाने दाखवता येईल अशी जागा, किती वेळ टिकलं, त्याआधी काय आणि किती तासांपूर्वी खाल्लं, शौचाने फरक पडला का. शौचासाठी ब्रिस्टल चार्टचा नंबर टाकायचा, 1 म्हणजे कडक गोळ्या आणि 7 म्हणजे निव्वळ पाणी, वर्णन लिहीत बसायची लाज वाटत नाही. मोबाईलवर चार ओळी पुरतात.

आता आपल्या भाषेनेच केलेला एक गोंधळ. छातीत जळजळलं, आंबट पाणी आलं की आपण "पित्त झालं" म्हणतो, पण ते असतं पोटातलं अॅसिड. पित्ताशयातलं पित्त यकृतात तयार होतं, चरबी पचवायला लागतं आणि ते आम्लधर्मी नसतं. म्हणजे अॅसिडिटीची गोळी घेऊन खड्यांची कळ थांबणार नाही. तसंच "खडा" म्हटलं की लोकांना मुतखडा आठवतो आणि सल्ला येतो की भरपूर पाणी पी, पडून जाईल. पित्ताशयाचा खडा असा लघवीतून पडत नाही, तो सटकला तर पित्तनलिकेत अडकतो आणि तिथून कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडायचे जे उपाय फिरतात ना, त्यातून बाहेर पडणारे हिरवे गोळे बहुतेक तेलाचेच साबणासारखे घट्ट झालेले गोळे असतात. त्यात एवढं तेल एकदम पोटात गेल्यावर पित्ताशय जोरात आवळतं आणि आयबीएसवाल्याचे जे हाल होतात ते वेगळेच.

खाण्याचं गणित सगळ्यात किचकट. चरबी खाल्ली की आतड्यातून एक हार्मोन सुटतं, त्याने पित्ताशय आकुंचन पावतं, आणि जड जेवणाने मोठं आतडंही खवळतं, म्हणजे तळलेलं दोघांनाही नको. पण चरबी एकदम शून्य पण करायची नाही, कारण पित्ताशय रिकामंच झालं नाही तर पित्त साचून राहतं आणि खडे व्हायला मोकळं रान. थोडी थोडी, दिवसभरात विभागून खायची. लांबलचक उपाशी राहण्याचंही तेच. वजन झपाट्याने उतरवलं, साधारण आठवड्याला दीड किलोच्या वर, तरी खड्यांचा धोका वाढतो.

आणि इथेच आयबीएसचं पथ्य आडवं येतं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश युनिव्हर्सिटीने पुढे आणलेलं लो फॉडमॅप डाएट (आतड्यात आंबून गॅस करणारी ठराविक कर्बोदकं कमी करायचं पथ्य) बऱ्याच जणांना लागू पडतं, पण ते 2 ते 6 आठवडेच कडक करायचं असतं आणि मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा असतो. लोक तेच वर्षभर धरून बसतात, वर लो फॅट पण सुरू करतात, मग खायला उरतं काय? वजन घसरतं आणि खड्यांना पुन्हा निमंत्रण. मी तरी म्हणेन एका वेळी एकच बदल, आणि जमलं तर आहारतज्ज्ञाला विचारून. लो फॅट लिहिलेल्या पाकिटाच्या मागची यादी पण वाचा, चरबी काढून त्यात इन्युलिन (एक प्रकारचं फायबर) किंवा सॉर्बिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलं असेल तर पित्ताशय खूश आणि आतडं नाराज. फायबरचं पण तसंच, कोंडा खाऊन बरेच जण फुगतात, त्यापेक्षा इसबगोल किंवा ओट्स बरे, अर्ध्या-एक चमच्यापासून भरपूर पाण्यासोबत हळूहळू वाढवायचं. कॉफीने पित्ताशय पण आवळतं आणि आतडं पण पळतं, स्वतःचं बघून ठरवा.

औषधांमध्ये आयबीएससाठी पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल देतात, खडे असतील किंवा पित्ताशयाला सूज असेल तर आधी विचारूनच घ्या. खडे विरघळवायला अर्सोडीऑक्सीकोलिक अॅसिड देतात, त्याने शौचाला पातळ होऊ शकतं, तेव्हा लगेच आयबीएस बिघडला असं धरू नका.

ऑपरेशनचं काय? खडे आहेत पण कधी दुखलंच नाही तर सहसा तसेच ठेवतात. वर सांगितली तशी खरी कळ येत असेल तर पित्ताशय काढणं हाच पक्का उपाय, पण त्याने कळ जाईल, फुगणं आणि मुरडा जाईलच असं नाही, हे सर्जनला आधीच स्पष्ट विचारा की माझ्या कुठल्या तक्रारी यातून जातील. आयबीएसवाल्यांची पित्ताशयं इतरांपेक्षा जास्त काढली जातात हे अभ्यासांत दिसलेलं आहे, आणि काहींचा त्रास नंतरही तसाच राहतो.

काढल्यावर पित्त साठायला जागा नसते, ते सतत आतड्यात झिरपतं, त्यामुळे काहींना जेवल्या जेवल्या पळावं लागतं, शौच पिवळट पाणीदार. हे आयबीएसच म्हणून सोडून देऊ नका, पित्तआम्लांमुळे (पित्तातले चरबी पचवणारे घटक) होणारे जुलाब असू शकतात आणि त्यावर कोलेस्टिरामाइन सारखं औषध आहे. फक्त ते बाकीची औषधं शोषू देत नाही, म्हणून इतर गोळ्या त्याच्या 1 तास आधी किंवा 4 ते 6 तास नंतर. आणि एलुक्साडोलिन नावाचं जुलाबाच्या आयबीएसचं औषध पित्ताशय काढलेल्यांनी घ्यायचं नाही, स्वादुपिंडाला सूज येण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017 मध्ये तशी सूचना दिली.

कळ 5-6 तासांपेक्षा जास्त टिकली, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढरट झालं, उलट्या थांबेनात, तर डायरी वगैरे बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सीत जा. शौचातून रक्त किंवा कारण नसताना वजन उतरणं हेही आयबीएसच्या खात्यात टाकू नका, वेळेत दाखवा. इमर्जन्सीत गेलात की आधी "पित्ताशयात खडे आहेत" सांगा, सोनोग्राफीचा रिपोर्ट मोबाईलमध्ये ठेवा आणि आयबीएसचं नंतर सांगा. मी एकदा उलटं केलं होतं, तर एक इंजेक्शन देऊन घरी पाठवलं आणि पहाटे मी परत तिथेच होतो.