२१४७४८३६४७ मूळ नाही असं उत्तर येतंय? या चुका टाळा

२१४७४८३६४७ म्हणजेच २^३१ − १ ही मूळ संख्या आहे. गणितज्ञ ऑयलरने ते १७७२ मध्ये, कॉम्प्युटर नसताना, सिद्ध करून ठेवलंय. त्यामुळे तुमचा जावातला प्रोग्रॅम बराच वेळ घरघर करून 'मूळ नाही' म्हणाला, तर संख्येवर संशय घेऊ नका. लूपची अट बघा.

तिथे बहुधा 'आय × आय <= एन' असं लिहिलेलं असतं. एन म्हणजे तपासायची संख्या, आय म्हणजे भागून बघायचा आकडा. वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे, म्हणजे लूप तिथे थांबायला हवं. पण ३२ बिटांच्या इंटमध्ये (जावातला नेहमीचा पूर्णांकाचा प्रकार) मावणारा सगळ्यात मोठा आकडा नेमका हाच, २१४७४८३६४७. आय ४६३४१ झाला की त्याचा वर्ग २१४७४८८२८१ यायला हवा. तो मावत नाही आणि हातात पडतं −२१४७४७९०१५. एनपेक्षा मोठं काही इंटमध्ये बसतच नाही, मग अट खोटी पडणार कशी? आय वाढत वाढत शेवटी एनएवढाच होतो, बाकी शून्य येते आणि प्रोग्रॅमला वाटतं, अवयव सापडला! अट 'आय <= एन / आय' अशी करा, किंवा सरळ लाँग (६४ बिटांचा पूर्णांक) वापरा.

मुळात सगळ्या आकड्यांनी भागायची गरजही नाही. या संख्येचा कोणताही मूळ अवयव २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरते. वर्गमूळापर्यंत असे जेमतेम पावणेचारशे आकडे आहेत. ऑयलरला हे हातानं कसं जमलं, ते इथे कळतं.

एक्सेलवर विसंबू नका. २^६१ − १, म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१, टाइप करून बघा. पंधरा अंकांपुढे शून्यं भरली जातात आणि मूळ संख्येच्या शेवटी चार शून्यं दिसतात!

घातांक मूळ, म्हणून संख्याही मूळ, असं धरू नका. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. अशा संख्या ज्याच्या नावाने ओळखल्या जातात, त्या खुद्द मर्सेनच्या १६४४ च्या यादीत, मूळ संख्या देणाऱ्या घातांकांमध्ये, ६७ हा घातांक चुकून बसला होता. २^६७ − १ चे अवयव गणितज्ञ कोलने १९०३ मध्ये दाखवले.

फर्माची चाचणी २ हा पाया घेऊन इथे लावणं, म्हणजे २^(एन − १) ला एनने भागून बाकी १ येते का ते बघणं, तर निव्वळ फुकट. २^११ ला २०४७ ने भागलं की बाकी १, आणि २०४६ ही ११ च्या पटीत. म्हणून २०४७ बिनबोभाट पास होते. मूळ घातांकाची अशी प्रत्येक संख्या याच रीतीने पास होते.

ल्युका-लेमर चाचणी वापरा: ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा, मग तपासायच्या संख्येने भागून बाकी. शेवटी ० आलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही. मूळ घातांक ३ किंवा मोठा हवा, आणि फेऱ्या घातांकापेक्षा दोनने कमी. आधी १२७ वर, म्हणजे २^७ − १ वर, ताडून बघा: ४, १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी १११ दिसलं तर एक फेरी कमी पडली. १२५ किंवा −२ दिसलं तर एक जास्त झाली.