यीस्टमधली डीएनए-दुरुस्ती: टीवायच्या (बीएस्सी तिसऱ्या वर्षाच्या) प्रोजेक्टसाठी

जीन थेरपीत जायचंय म्हणणारी मुलं थेट क्रिस्परला, म्हणजे जनुकं बदलण्याच्या तंत्राला, हात घालतात. पण क्रिस्पर डीएनए कापतं, एवढंच. पुढचा बदल पेशी स्वतःच्या दुरुस्तीतून घडवते. 2023 मध्ये मान्यता मिळालेली सिकलसेल या रक्ताच्या आजारावरची कॅसजेव्ही ही जीन थेरपी याच दुरुस्तीवर चालते: तुटलेली टोकं जोडताना एखाद-दुसरा बेस (डीएनएचं अक्षर) गळतो किंवा घुसतो, गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन दाबून ठेवणारं बीसीएल11ए जनुक रक्तपेशींत मंदावतं आणि ते हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. तेव्हा आधी दुरुस्ती शिका. रत्नागिरी-मालवणच्या साध्या कॉलेज लॅबमध्येही ती बघता येते: यूव्हीने यीस्टचा डीएनए बिघडवायचा आणि उजेडात व अंधारात किती पेशी जगतात, ते कॉलन्या (पेशी वाढून झालेले ठिपके) मोजून बघायचं.

यीस्ट वाढवायच्या एक लिटर माध्यमाला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 10 ग्रॅम, पेप्टोन 20, डेक्स्ट्रोज 20, अगार 20. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर 15 मिनिटं निर्जंतुक करा. थोडं निवल्यावर 100 मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घाला, नाहीतर बॅक्टेरिया माजतात. पावसाळ्यात ओतलेल्या प्लेट्स उलट्या करून रात्रभर 37 अंशांत सुकवाच. ओल राहिली की कॉलन्या एकमेकींत वाहतात आणि मोजणी फुकट जाते.

बेकरीचं कोरडं यीस्ट 1 ग्रॅम, 10 मिली निर्जंतुक पाण्यात. त्यातून दहापट डायल्युशन पाच आणि सहा वेळा करा. यूव्ही द्यायच्या प्लेट्सवर पाचवं, कंट्रोलवर (यूव्ही न दिलेल्या, तुलनेच्या प्लेटवर) सहावं, प्रत्येकी 0.1 मिली पसरा.

लॅमिनारमधली (निर्जंतुक हवेच्या कपाटातली) 254 नॅनोमीटरची यूव्ही ट्यूब 15 मिनिटं आधी लावून ठेवा. गॉगल, ग्लोव्हज, पूर्ण बाह्या. यात सूट नाही. झाकण काढून 15, 30, 45, 60 सेकंद द्या. झाकण राहिलं तर यूव्ही आत पोचतच नाही. प्रत्येक वेळेच्या दोन प्लेट्स: एक लगेच फॉइलमध्ये, दुसरी झाकण लावून 20 सेंमीवर पांढऱ्या फ्लुरोसंट ट्यूबखाली तासभर, मग तीही फॉइलमध्ये. पिवळा बल्ब चालत नाही, कारण उजेडाच्या जोरावर डीएनए दुरुस्त करणाऱ्या फोटोलायेझ या एन्झाइमला निळा आणि त्याच्या जांभळ्या बाजूचा उजेड लागतो. यूव्ही न दिलेली एक प्लेटही त्याच ट्यूबखाली ठेवा. 30 अंशांत 48 तास.

उजेड-अंधारात फरक दिसला नाही, तर बहुधा फॉइल लावेपर्यंत खिडकीतल्या उजेडानेच दुरुस्ती उरकलेली असते. पडदे ओढा, लाल दिव्यात काम करा. यूव्ही ट्यूब लावल्यावर वीज गेली तर तो संच टाकून द्या. डोस कळत नाही.

माणसात फोटोलायेझ नाही. आपल्याकडे यूव्हीने बिघडलेला तुकडाच कापून काढून नवा भरला जातो. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल अझीझ सँकार यांना 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. तीत जन्मजात दोष असला की झिरोडर्मा पिगमेंटोसम होतो: थोडं ऊनही सोसत नाही, लहानपणीच त्वचेचे कर्करोग होतात.

पुढची वाट आयआयटी जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा), एमएस्सी, मग सीएसआयआर-नेटची जेआरएफ (पीएचडीसाठीची संशोधनवृत्ती). खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र, कोकणातून जवळ. मुलाखतीला प्रोजेक्टची मूळ वही न्या, फसलेल्या प्लेट्सच्या आकड्यांसकट. कंट्रोल का ठेवला, हे हमखास विचारतात.