'अ.पा.क. आई': सीमाभागात आपला पूर्वज कसा शोधावा

आमच्या पणजीचं नाव मला पहिल्यांदा दिसलं ते एका जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत. पणजोबा वारले तेव्हा पोरगा लहान होता, म्हणून त्याच्या नावापुढं 'अ.पा.क. आई' असं लिहून तिचं नाव घातलेलं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. जमिनीचा कारभार तिनं एकटीनं ओढला, हे घरात कुणी कधी बोललं नव्हतं. कागदानं सांगितलं.

सुरुवात मात्र कचेरीतून नको, घरातून करा. थोरल्या आत्याला जन्मसाल विचारून उपयोग नाही. "मानमोडीत आजोबा केवढे होते गं?" असं विचारा. मानमोडी म्हणजे १९१८ ची साथ. "बेळगावात काँग्रेस भरली तेव्हा त्यांचं लग्न झालं होतं का?" म्हटलं की डिसेंबर १९२४ हाताशी येतो. घरच्या जुन्या कागदावर शके असेल तर त्यात ७८ मिळवा. पौषाच्या पुढच्या तिथींना बहुधा ७९.

मग गाव त्या काळी कुणाकडं होतं ते पक्कं करा. इथं बरेचजण चुकतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात. बेळगावला लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानचं, रायबाग कोल्हापूर संस्थानचं. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं. त्यामुळं रायबागकडच्या माणसानं कोल्हापूरच्या पुरालेखागारातही चौकशी करावी.

खरा ऐवज जमिनीत आहे. आजचा पहाणी उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, काढा. त्यावर सर्व्हे नंबर आणि फेरफाराचा नंबर मिळतो. तो नंबर घेऊन तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करा. एक फेरफार हातात आला की त्यातून त्याच्या आधीचा, असं मागं मागं जात राहा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, तेव्हा त्या सुमारापर्यंत पोचायची आशा धरायला हरकत नाही. वारस नोंदीत कोण वारलं, मागं कोण राहिलं ते असतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदीत लेकी बहुधा दिसायच्या नाहीत. म्हणून घरात लेकी नव्हत्या असं धरून चालू नका.

जुना मराठी कागद मोडीत असेल तर वाचणारा शोधा. 'यल्लू बिन नागू' म्हणजे नागूचा मुलगा यल्लू, 'गंगू कोम यल्लू' म्हणजे यल्लूची बायको. आडनाव नसेल तर घाबरू नका, पुष्कळदा नसतंच. घरात यल्लाप्पा म्हणत असतील तो कागदावर यल्लू किंवा यल्लोजीही निघेल. १९५६ नंतरची नोंद कन्नडातही असू शकते, तेव्हा कन्नड येणारा शेजारी बरोबर घ्या.

जमीन स्वतःची नसेल तर? कुळांसाठी १९७४ चा काळ बघा. कर्नाटकात कुळांनी तेव्हा फॉर्म नंबर ७ भरून जमीन न्यायाधिकरणाकडं मागणी केली. फाइलीत जबाब असला तर आजोबा किती वर्षं ते रान कसत होते हे त्यांच्याच तोंडून कळतं. भूमिहीनाच्या वाट्याला एवढा बोलका कागद क्वचित येतो.

शाळेचं जनरल रजिस्टर सोपं आहे: वडिलांचं नाव, जात, जन्मगाव, शाळा सोडल्याचं कारण. जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी दिली असं समजा, आमच्या घरात तशा तीन आहेत!

घरातला कुणी महायुद्धात पडला असेल, तर कॉमनवेल्थ युद्धस्मारक आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. अनेक नोंदींत बापाचं नाव नि गावही असतं. नावाची इंग्रजी अक्षरं मात्र वेगवेगळी घालून बघा.

शेवटी हेळवी. घरोघरच्या वंशावळी सांभाळणारे हे लोक आमच्याकडं बहुधा सुगीनंतर येतात. धान्य-पैसा ठरवा, पण वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, कारण वहीतली नावं ते भराभर म्हणतात. घराणं मूळचं कुठून आलं याबाबत मी हेळव्याचं ऐकतो. कोण कुणाचा मुलगा यावर वाद पडला तर फेरफाराचं.