कुंडीतली माती वाळली की पंप आपोआप चालू

लातूर-परभणीकडं उन्हाळ्यात पाणी लई जपून वापरावं लागतं, म्हणून माती खरंच वाळली तरच पंप चालू होईल असं सर्किट करू.

सामान: आर्डुइनो उनो (कोड टाकून चालवायचा छोटा कंट्रोलर बोर्ड), रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच), ५ व्होल्टचा छोटा पंप आणि मातीतला ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर. दोन उघड्या दांड्यांचा स्वस्त सेन्सर घेऊच नका, ओल्या मातीत करंट गेला की त्याचं तांबं गंजून जातं.

सेन्सरची आउटपुट वायर आर्डुइनोच्या ए० (A0) पिनला, रिलेची इनपुट वायर पिन ७ला. पंपाला मात्र वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर द्या आणि त्याची प्लस वायर रिलेच्या कॉम (COM) आणि एनओ (NO, एरवी उघडं राहणारं) या टोकांमधून न्या, आर्डुइनोच्या पिनला पंपाचा लोड झेपत नाही.

आता खरं काम. आपली काळी माती वाळली की आक्रसते, भेगा पडतात, आणि सेन्सरभोवती हवा शिरली की पाणी असूनही रीडिंग कोरडंच येतं, मग पंप थांबतच नाही, म्हणून कुंडीत शेणखत आणि थोडी वाळू मिसळा, सेन्सरभोवतीची माती दाबून घ्या, पण सेन्सरचा वरचा इलेक्ट्रॉनिक पार्टवाला भाग मातीबाहेरच ठेवा. कोरड्या आणि भिजलेल्या मातीचं रीडिंग लिहून ठेवा, कोरड्याचा आकडा मोठा येतो, मधला आकडा आर्डुइनोच्या कोडमध्ये टाका, रीडिंग त्याच्या वर गेलं की पंप चालू. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, तेव्हा पंप ५ सेकंद चालवून १० मिनिटं थांबा, मगच परत रीडिंग घ्या.