इलेक्ट्रिकल लीड झालात? आधी माऊस सोडा

लीड झाल्यावर पहिले तीन-चार महिने मी रात्री नऊ-साडेनऊपर्यंत ऑफिसात बसून पोरांचं केबल साइझिंग (कुठे किती जाड केबल लागेल ते ठरवणं) स्वतः परत करायचे, सकाळी त्यांच्या हातात फायनल फाइल द्यायचे आणि मनातल्या मनात खूश व्हायचे की बघा टीमची किती काळजी घेते मी. पोरं हुशार, आठवड्याभरात त्यांनी ओळखलं की मॅडम करतातच सगळं, मग आपण कशाला डोकं खपवा. चुका कमी व्हायच्या सोडून वाढल्या. तर ज्यांना नुकतंच कुणीतरी "आता टीम तू बघ" म्हणून सांगितलंय, आणि आपल्या नाशिकच्या कन्सल्टन्सीत म्हणजे पाच-सहा माणसं, त्यांच्याच डोक्यावर अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे, दिंडोरी असे चारी दिशांचे प्रोजेक्ट, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डिझाइन कसं करायचं ते सांगत नाही, ते येतं म्हणून तर लीड केलं तुम्हाला.

सुरुवात लोड लिस्टपासून करा, म्हणजे कुठलं मशीन किती वीज घेणार त्या यादीपासून. ट्रान्सफॉर्मर, डीजी (डिझेल जनरेटर), मेन पॅनल, केबल, कपॅसिटर, महावितरणकडे मागायची कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारातली कमाल मागणी), सगळं त्या एका एक्सेल शीटवर उभं असतं आणि नेमकी तीच शीट सगळ्यात ज्युनिअर पोराकडे जाते, कारण काय तर "नुसतं भरायचंच आहे". माझ्याकडे असंच झालं होतं. फूड प्रोसेसिंगचा प्रोजेक्ट, रेफ्रिजरेशनचा व्हेंडर ठरलेला नव्हता, पोराने जुन्या प्रोजेक्टवरून ११० किलोवॉटचे दोन कॉम्प्रेसर टाकून दिले. टाकले यात चूक काहीच नाही, व्हेंडर ठरेपर्यंत थांबून बसलं तर काम कधी व्हायचं. पण तो आकडा अंदाजाचा आहे हे शीटवर कुठे लिहिलेलंच नव्हतं, बाकीच्या पक्क्या आकड्यांच्या रांगेत तोही शहाण्यासारखा बसलेला, आणि मी सही केली. पुढे ऑर्डर गेली १६० च्या दोन मशीनची. तोवर १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर मागवून झालेला. मागणी ८०० केव्हीएच्या आसपास धरली होती ती ९०० च्या पुढे गेली, म्हणजे ट्रान्सफॉर्मर चालला असता, पण क्लायंटने पुढच्या प्रॉडक्शन लाइनसाठी ट्रान्सफॉर्मरवर राखून ठेवलेली जागा गेली. त्या मीटिंगमध्ये क्लायंटच्या माणसाने एकच विचारलं, "मॅडम, हा आकडा तुम्हाला दिला कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे तीन आठवडे सिंगल लाइन डायग्रामपासून केबल शेड्यूलपर्यंत सगळं फुकटात परत काढलं.

तेव्हापासून आमच्या लोड लिस्टला शेवटी एक कॉलम असतो, आकडा कुठून आला. डेटाशीट, क्लायंटचा मेल, चालू मशीनची नेमप्लेट, नाहीतर लाल अक्षरात "गृ", म्हणजे गृहीत. गृ असेल तर समोर दोन गोष्टी लिहायच्या, पक्का आकडा कोण देणार आणि कधीपर्यंत. दर सोमवारी मी बाकी काही बघत नाही, फक्त किती गृ उरले ते मोजते आणि त्या-त्या माणसाला फोन लावते. हे फोन लीडनेच करायचे बरं का. दोन वर्षांच्या अनुभवाच्या पोराला क्लायंटचा प्रोजेक्ट मॅनेजर सरळ "बघतो" म्हणून कटवतो, तुम्हाला कटवायला त्याला थोडं तरी जड जातं. आणि मोठी ऑर्डर निघायच्या दिवशी शीटमध्ये गृ शिल्लक असेल तर क्लायंटला लेखी कळवायचं, की एवढे आकडे अजून अंदाजाचे आहेत, तरी पुढे जायचं का. नव्वद टक्के वेळा ते हो म्हणतात. म्हणू देत, पण त्यांनी म्हटलेलं मेलवर असतं.

आता चेकिंग. फाइल उघडायच्या आधी कागदावर ढोबळ आकडा मांडायची सवय लावून घ्या. १००० केव्हीए, ४३३ व्होल्ट, तर १००० भागिले (१.७३२ गुणिले ०.४३३), म्हणजे फुल लोड करंट १३३३ अँपिअरच्या आसपास. इम्पीडन्स ५ टक्के असेल तर शॉर्ट सर्किट करंट त्याच्या साधारण वीस पट, २६-२७ केए (किलोअँपिअर). हे करायला अर्धं मिनिट लागतं. मग सॉफ्टवेअरचा रिपोर्ट उघडल्यावर तिथे १२ केए दिसले किंवा ६० दिसले तर पानं उलटत बसायची गरजच नाही, फाइल परत. सॉफ्टवेअर चुकत नाही हो, त्यात माणसाने टाइप केलेलं चुकतं.

दुसरं म्हणजे चूक दिसली तरी दुरुस्त करू नका, विचारा. "हा साडेतीन कोर २४० (चौ. मिमीची केबल) का घेतलास?" यावर "मागच्या प्रोजेक्टला होता" असं उत्तर आलं की मी फक्त केबल ट्रेचं ड्रॉइंग पुढे सरकवते आणि गप्प बसते. थोड्या वेळाने पोरगं स्वतःच म्हणतं, मॅडम इथे आठ केबल शेजारी-शेजारी आहेत. बरोब्बर. कॅटलॉगमधला करंट हा एकट्या केबलचा असतो, हवेत ४० डिग्री आणि जमिनीत ३० डिग्री धरून, आणि आपली केबल चाललीये मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बाकीच्या सातांना चिकटून. डिरेटिंग (गरमी आणि गर्दीमुळे केबलचा करंट कमी धरणं) विसरायचं नाही असं मी दहा वेळा बजावलं असतं तरी ते लक्षात राहिलं नसतं, एकदा स्वतः बघितलं की राहतं. याला वेळ जातो, मान्य. सुरुवातीला तर स्वतः करण्यापेक्षा दुप्पट जातो, आणि डेडलाइनच्या आदल्या दिवशी हे जमत नाही, त्या दिवशी गुपचूप दुरुस्त करा आणि दोन दिवसांनी त्याला बसवून दाखवा.

चेक प्रिंटचा जुना नियम आम्ही अजून पाळतो. बरोबर ते पिवळ्याने, चूक ते लाल पेनाने. पिवळं मारल्यामुळे कळतं की ती ओळ खरंच बघितलीये, नुसत्या लाल खुणा असल्या की बाकीचं बघितलं का सोडून दिलं ते समजायला मार्ग नाही. आणि माझी ड्रॉइंग पोरं चेक करतात. पहिल्यांदा कुणाचं लाल पेन उचलायचं धाडसच होत नाही, म्हणून मी एक-दोनदा मुद्दाम चूक सोडली होती (हे त्यांना अजून माहीत नाही).

काम वाटताना सगळ्यांना सारखं वाटायला जाऊ नका. आणि लायटिंग-अर्थिंग हे नवीन माणसाला शिक्षा म्हणून द्यायचं काम आहे ही समजूत आधी काढून टाका, निदान नाशिकमध्ये तरी. इथे वर काळी माती, तीही कुठे फूटभर कुठे मीटरभर, त्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड. सिन्नरकडच्या एका साइटवर आमचा मुलगा सॉइल रेझिस्टिव्हिटी (माती विजेला किती अडवते, जितकी कमी तितकं अर्थिंगला चांगलं) मोजून आला आणि खुशीत म्हणाला, १५ ओहम-मीटर, एकदम भारी. मी विचारलं, पिना किती अंतरावर ठोकल्या? १ मीटर. पुढे? पुढे मुरुमात पिन जात नव्हती म्हणून सोडून दिलं. आता चार पिनांच्या पद्धतीत अंतर जेवढं तेवढ्याच साधारण खोलीचं तुम्हाला कळतं, म्हणजे त्याने फक्त वरची काळी माती मोजली, तीही ऑगस्टमध्ये, पावसाने चिंब झालेली. आणि आपला इलेक्ट्रोड जाणार ३ मीटर खाली. परत पाठवला, यावेळी बरोबर साइटचा माणूस, पहार आणि घण देऊन. १, २, ३, ४ मीटर, दोन दिशांनी, आणि जवळ जुनी पाइपलाइन असेल तिथून लांब. ४ मीटरला आकडा ९० च्या घरात गेला. डिझाइनच बदललं, इलेक्ट्रोड वाढले, पट्टी वाढली. शक्य असेल तर हे मोजमाप एप्रिल-मेमध्येच करून घ्या, माती कोरडी असताना जे येईल त्यावर डिझाइन केलं की पावसाळ्यात काही बिघडत नाही, उलटं केलं की बिघडतं.

त्या मुलाला मग मी आयएस ३०४३ ची (अर्थिंगच्या भारतीय मानकाची) २०१८ ची आवृत्ती वाचायला दिली. आधी दिली असती तर झोपला असता. इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरची शंका आली की तोच आता उत्तर देतो, ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थिंग का लागतात वगैरे त्याला तोंडपाठ आहे.

ड्राफ्ट्समनला शेवटच्या दिवशी स्केच फेकून मोकळं होणारे लीड मी बघितलेत. आमच्याकडचे काका माझ्या दुप्पट वर्षं या लाइनीत आहेत, त्यांना मी पहिल्या मीटिंगपासून बसवते. एकदा सिव्हिलवाल्यांनी एचटी (हाय टेन्शन) पॅनलखाली ६०० मिमी खोल ट्रेंच दिली, आमच्या कुणाच्या डोळ्याला खटकलं नाही, काका म्हणाले, "ताई, केबल वळणार कुठून?" ११ केव्हीची जाड केबल, व्यास ७० मिमी धरा, वळवताना त्रिज्या व्यासाच्या १५ पट तरी लागते, म्हणजे मीटरभर. ६०० मध्ये कशी वळेल? काँक्रीट पडायच्या आधी कळलं म्हणून वाचलो. म्हणून सिव्हिल, मेकॅनिकल, पाइपिंगच्या ड्रॉइंगवर आपल्या माणसाची सही झाल्याशिवाय ती बाहेर जाऊ द्यायची नाहीत, मग ते कितीही घाई करोत.

बदलांचं बोलायलाच हवं. "मॅडम, छोटासा बदल आहे" हा फोन साधारण संध्याकाळी सहानंतर येतो. ज्युनिअरने तो परस्पर स्वीकारायचा नाही एवढा एकच नियम टीमला द्या, "मॅडमना सांगतो" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. मग तुम्ही त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका, काय बदल, किती ड्रॉइंगवर परिणाम, किती तास. पैसे प्रत्येक वेळी मिळतील असं नाही, पण तास दिसायला लागले की छोटासे बदल आपोआप कमी होतात. व्हॉट्सॲपवर आलेला बदल हा बदल नाही, मग तो मालकाने टाकलेला असो.

साइटवर जाण्याबद्दल मी कडक आहे आणि राहणार. नवीन माणूस एकटा जाणार नाही, कन्सल्टंटचा माणूस पॅनलला हात लावणार नाही, ब्रेकर ऑपरेट करणार नाही, दार उघडायचं असेल तर परमिट घेऊन आणि त्यांच्याच अधिकृत माणसाने उघडायचं. "लाइन बंद आहे मॅडम, करा बिनधास्त" असं म्हणणारा ठेकेदार प्रत्येक साइटवर एक तरी भेटतोच. लाइन बंद असते, पण मागून डीजी चालू असतो. बंद, लॉक, टेस्ट, अर्थ, आणि यातलं एक जरी राहिलं तरी काम न करता परत या, गाडीभाडं गेलं तर गेलं. टीमला हे तोंडाने बोलून दाखवा की रिकाम्या हाताने परत आलात तर मी विचारणार नाही. आणि खरंच विचारू नका.

माणसं सोडून जाणार. पुणे, मुंबई, गल्फ, नाहीतर इथेच कुठल्या तरी मोठ्या कंपनीत. धरून ठेवायच्या भानगडीत मी पडत नाही, पण प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये "का" नावाची एक फाइल असते आणि ती काम चालू असतानाच भरायची, शेवटच्या दिवशी नाही. ट्रान्सफॉर्मर एवढाच का, या फीडरला ही केबल का, हा व्हेंडर का नको म्हटला. भाषा कशीही चालते, मराठीत लिहा, अर्धवट लिहा. मागच्या वर्षी एक मुलगा पंधरा दिवसांच्या नोटिशीवर गेला, त्याच्या "का" फाइलमध्ये एका ओळीत होतं, "एमसीसी ३ चा इनकमर मोठा घेतला, कारण क्लायंट चौथा कॉम्प्रेसर घेणार म्हणतोय, लेखी दिलेलं नाही." (एमसीसी म्हणजे मोटर कंट्रोल सेंटर, इनकमर म्हणजे त्याचा मुख्य ब्रेकर.) त्या दिवशी मी क्लायंटला फोन करून ते लेखी मागवून घेतलं.