विजयदुर्ग बघायला जाताय? आधी जेटीवर जा
बहुतेक जण गाडी लावतात, दरवाज्यात फोटो काढतात आणि तासाभरात आत फिरून निघतात. मग हा किल्ला इथेच का, ते कळतच नाही हो. म्हणून सांगतो, आधी जेटीवर उभे राहा आणि वाघोटन खाडीचं तोंड नीट बघा. बाहेर उघडा समुद्र, आत शांत पाणी, आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक जहाजाला किल्ल्याच्या तोफांसमोरूनच जायला लागायचं.

शक्यतो तिथी बघून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी भरती आणि संध्याकाळी ओहोटी, म्हणजे एकाच दिवसात दोन्ही बघून होतं.

आता जेटीवरूनच १७५६ चा फेब्रुवारी डोळ्यासमोर आणा. कान्होजी आंग्र्यांच्या काळात इंग्रज १७१७ ला आले, १७२० ला परत आले, १७२४ ला डच आले, सगळे हात हलवत गेले. पण कान्होजींचे पुत्र तुळाजी यांच्या वेळी पेशवे जमिनीवरून आणि इंग्रजांचा आरमारप्रमुख वॉटसन समुद्रातून, असा दोन्हीकडून वेढा पडला, तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेले, आणि वॉटसनची जहाजं थेट खाडीच्या तोंडात शिरून किल्ल्यावर गोळे टाकायला लागली. एक गोळा आंग्र्यांच्या ताब्यातल्या जहाजावर पडला, आग लागली, आणि एकमेकांना लागून बांधून ठेवलेलं सगळं आरमार जळालं. तुमच्या समोरच्या ह्याच पाण्यात. मला तिथे उभं राहिलं की अजून वाईट वाटतं.

त्यानंतर आत जा. जिबीच्या दरवाज्यातून वळण घेत महादरवाज्यापर्यंत या, वाट अशी फिरवलीय की समोरच्याला दरवाजा लांबून दिसूच नये. तिहेरी तटबंदी मोजत चला, घाई करू नका. तटावर काही दगडांना खोलगट खड्डे दिसतील, तोफगोळ्यांच्या खुणा आहेत त्या, हात फिरवून बघा, कडा अजून टोचतात. पावसाळ्यात मात्र शेवाळ फार, चांगल्या ग्रिपचे बूट घाला आणि तटाच्या कडेला जाऊ नका. साहेबाचे ओटेसुद्धा बघा, १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण तिथून बघितलं होतं असं सांगतात.

वेळ उरला तर जवळच्या गिर्ये गावातली जुनी गोदी अजिबात सोडू नका. खडक फोडून केलेली जागा आहे, भरतीला जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला पाणी उतरलं की दुरुस्ती करायची. तिथे ओहोटीलाच जा, तळाचा खडक उघडा दिसतो.